बुजऱ्या मांजराला रोज गोळी देताना

पाच दिवसांचे औषध आणि आयुष्यभराचे औषध, मांजराच्या बाबतीत ही दोन निराळी कामे आहेत. पाच दिवस कसेबसे निभतात. मांजर चिडते, हातावर दोन ओरखडे उठतात, कोर्स संपतो आणि आठवडाभरात ते पुन्हा मांडीवर येऊन बसते. परंतु रक्तदाब, थायरॉइड, हृदयविकार, फिट्स किंवा मूत्रपिंडाचा आजार यांसाठी गोळी रोज द्यावी लागते, तेव्हा आज बळजबरीने दिलेली गोळी उद्याची गोळी अवघड करून ठेवते. त्यातून मांजर मुळातच बुजरे असेल, दारात पाहुण्यांच्या चपलांचा आवाज येताच माळ्यावर पळणारे असेल, तर महिन्याभरात घरची माणसे थकतात, एखादा दिवस चुकतो, मग चार दिवस चुकतात आणि औषध बंद पडते. ही जबाबदारी ज्यांच्या घरात पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आमची काजळी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या परड्यात ऐन पावसाळ्यात भिजत आली आणि दहा वर्षे आमच्यात राहूनही परक्या माणसासमोर कधी आली नाही. एके सकाळी ती रोजच्या उंबरठ्याला धडकली. भर उजेडात तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या वाटोळ्या आणि मोठ्या राहिल्या होत्या. मूत्रपिंडाच्या आजारामुळे तिचा रक्तदाब वाढला होता आणि त्या दाबाने डोळ्यांतले पडदे सुटले होते; वयस्कर मांजरांना अचानक येणाऱ्या अंधत्वाचे हे एक नेहमीचे कारण आहे. तेव्हापासून तिला अम्लोडिपिनच्या अडीच मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग रोज द्यावा लागतो. ही मात्रा तिच्यासाठी ठरवलेली आहे, ती पाहून दुसऱ्या कोणाच्या मांजराला औषध देऊ नये. समोरच्या काकूंना हे समजले तेव्हा त्या म्हणाल्या, "मांजराला कुठं रोज गोळी देत्यात व्हय?" देता येते. मात्र पहिल्या दिवशी आम्ही जे केले ते कोणी करू नये.

पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून तिला धान्याच्या कोठीमागून ओढून काढले. गोळी पोटात गेली खरी, पण त्यानंतर ती दीड दिवस त्या कोठीमागून हलली नाही, जेवली नाही आणि तिने तिथेच लघवी केली. मांजराने खाणे सोडणे ही किरकोळ गोष्ट नसते. दोन-तीन दिवस पोटात अन्न गेले नाही, तर मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचू लागते आणि तो आजार जिवावर बेतू शकतो. म्हणून बाकी सगळे सांगण्याआधी एक नियम सांगते: मांजराने लपण्यासाठी निवडलेल्या जागेतून त्याला औषधासाठी कधीही ओढून काढू नये. ती जागा त्याची आहे. तिथे हात शिरला, की घरात त्याला निर्धास्त बसता येईल अशी एकही जागा उरत नाही, आणि मग ते जेवायच्या वाटीजवळ येतानाही आपल्या हातांकडे पाहत येते.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी

अर्धी लढाई पशुवैद्यांच्या टेबलापाशीच टळू शकते. आपले मांजर बुजरे आहे आणि घरी गोळी देण्याचा आपल्याला सराव नाही, हे मोकळेपणाने सांगावे. बऱ्याचदा तेच औषध पातळ स्वरूपात मिळते, काही औषधे लांब पल्ल्याच्या इंजेक्शनने देता येतात, काही थोडी औषधे कानाच्या पाळीला आतून लावण्याच्या मलमाच्या रूपात करून घेता येतात, आणि दिवसातून दोनदा द्यायचे औषध कधी कधी एक वेळेवर आणता येते. प्रत्येक औषधाला ही सोय नसते, पण विचारल्याशिवाय ती कोणी पुढे करील असेही नाही.

याच वेळी आणखी काही गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात. गोळी उपाशीपोटी द्यायची की खाण्याबरोबर? तिचे तुकडे किंवा पूड केली तर चालते का? चवीला फार कडू आहे का? एक वेळ चुकली तर काय करायचे आणि गोळी दिल्यावर मांजराला उलटी झाली तर काय करायचे? पूड करण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण हळूहळू विरघळण्यासाठी वेष्टन दिलेल्या गोळ्या कुटल्या तर त्यांचे काम बिघडते, आणि हृदयविकाराच्या मांजरांना बरेचदा दिली जाणारी क्लोपिडोग्रेलची गोळी तोडली तर इतकी कडू लागते, की एका अनुभवानंतर मांजर माणसाकडे फिरकत नाही. थायरॉइडच्या गोळ्यांसारखी काही औषधे हाताळताना देणाऱ्याने हातमोजे घालावेत, आणि घरात गरोदर स्त्री असेल तर तिने ती हाताळूच नयेत.

मांजरांची बरीच औषधे ही माणसांचीच औषधे असतात आणि ती नेहमीच्या औषध दुकानातून घ्यावी लागतात. तिथे पट्टीवरचे नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा स्वतः वाचावा. अडीचऐवजी पाच मिलिग्रॅमची पट्टी हातात आली, तर पाव गोळी म्हणजे दुप्पट मात्रा होते. रक्तदाबाच्या गोळ्यांच्या नावापुढे एखादे जादा अक्षर जोडलेले असेल, तर बहुतेक वेळा त्यात दुसरेही औषध मिसळलेले असते. अशी पट्टी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नये. आणि घरातल्या डब्यातले कोणतेही औषध मनाने देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखे आहे, लहानशा तुकड्यानेही मांजर दगावू शकते. आयब्युप्रोफेनचेही तसेच. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारी, परमेथ्रिन असलेली औषधेही मांजराच्या अंगाला लावू नयेत.

गोळी कापून ठेवणे

पाव गोळीचा तुकडा तांदळाच्या कणीएवढा भरतो. सुरीने कापायला गेले की एक तुकडा कट्ट्याखाली उडतो आणि उरलेल्याचा भुगा होतो. औषध दुकानात मिळणारा पिल कटर स्वस्त असतो, तो घ्यावा आणि त्याचे पाते बोथट होताच बदलावा. एका वेळी एकच गोळी कापावी. महिन्याभराचे तुकडे एकदम करून ठेवू नयेत. आपल्या कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतका ओलावा असतो, की उघडा तुकडा दोन दिवसांत मऊ पडतो, आणि मऊ पडलेला तुकडा मांजराच्या जिभेवर लगेच विरघळून कडू लागतो. तुकडे घट्ट झाकणाच्या छोट्या, अपारदर्शक डबीत ठेवावेत आणि ती डबी स्वयंपाकाच्या ओट्यापासून, वाफेपासून लांब ठेवावी.

कडू गोळीसाठी जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूल मिळतात. त्यांतली लहान मापाची, चार क्रमांकाची कॅप्सूल मांजराच्या घशातून सहज जाते. दोन-तीन औषधे एकाच वेळी द्यायची असतील, तर डॉक्टरांना विचारून ती एकाच कॅप्सूलमध्ये भरावीत. तीनदा तोंड उघडण्यापेक्षा एकदा उघडणे केव्हाही बरे.

पहिले आठ-दहा दिवस: औषधाशिवायचा सराव

उपचार त्याच दिवशी सुरू करणे भाग असेल, तर डॉक्टर सांगतील त्या मार्गाने औषध सुरू करावे, पण हा सराव त्याच्या जोडीने चालू ठेवावा. दोन-चार दिवसांची मुभा असेल, तर सराव आधी करावा.

जागा एक ठरवावी. ती मांजराच्या झोपण्याची, जेवणाची किंवा लपण्याची जागा नसावी. सोप्यातला दिवाण, खिडकीतला कट्टा किंवा एखादे बुटके टेबल चालते. त्यावर न घसरणारे कापड अंथरावे. आम्ही जुन्या वाकळेचा हातभर तुकडा कापून घेतला, कारण त्याला काजळीचाच वास होता. वेळही एकच ठरवावी आणि ती जेवणाच्या आधीची असावी. घरात कुकरच्या शिट्या, मिक्सर, मुलांची शाळेची धांदल सुरू होण्यापूर्वीची पहाटेची वेळ सर्वांत चांगली.

पहिले दोन-तीन दिवस त्या कापडावर केवळ खाऊ ठेवावा आणि आपण शेजारी बसून राहावे. मांजर स्वतःहून तिथे यायला लागले, की खाऊ देताना गालावरून आणि हनुवटीखालून बोट फिरवावे. पुढच्या टप्प्यात हात डोक्यावरून अलगद ठेवून लगेच काढावा आणि खाऊ द्यावा. मग ओठाचा कोपरा क्षणभर वर उचलावा आणि खाऊ द्यावा. त्यानंतर नाक जरासे वर करावे, तोंडाला बोट लावावे आणि खाऊ द्यावा. प्रत्येक वेळी हे सगळे अर्ध्या मिनिटात संपले पाहिजे आणि मांजराला उठून जाण्याची मोकळीक असली पाहिजे. कान मागे वळले, शेपटीचे टोक आपटू लागले, पाठीची कातडी थरथरली किंवा मांजर एकदम गोठल्यासारखे बसले, तर आपण एक पायरी पुढे गेलो आहोत असे समजावे आणि दुसऱ्या दिवशी आधीच्या पायरीवर यावे. गोठून बसलेले मांजर शांत आहे असा आपला समज होतो. पुष्कळदा ते भीतीने तसे बसलेले असते.

खाऊ असा निवडावा, की जो इतर वेळी कधीच मिळत नाही. चाटून खाण्याची ट्यूबमधली पेस्ट बहुतेक मांजरांना आवडते. घरचे द्यायचे तर मीठ, हळद, मसाला काहीही न घालता उकडलेल्या कोंबडीचे धागे द्यावेत. आपल्याकडे मटण शिजवताना बाजूला काढलेली अळणी मांजराला चालेल असे अनेकांना वाटते, पण त्यातही कांदा आणि लसूण असतात, आणि कांद्या-लसणामुळे मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यामुळे मांजराचा तुकडा फोडणीआधीच वेगळ्या भांड्यात उकडावा. सुकट आणि बोंबील मांजराला अतिशय प्रिय असले, तरी त्यांतले मीठ मूत्रपिंडाच्या आणि रक्तदाबाच्या मांजराला नको. अशा मांजराला कोणता खाऊ किती चालेल, हे डॉक्टरांनाच विचारावे.

खाण्यातून देणे

जी गोळी खाण्याबरोबर चालते आणि फार कडू नाही, ती आधी याच मार्गाने देऊन पाहावी. गोळी जेवणाच्या वाटीत मिसळू नये. वाटीतले अर्धे खाऊन मांजर उठले, तर औषध किती गेले हे कळत नाही, आणि एकदा कडू लागले की ते त्या जेवणावरच रुसते. आजारासाठी खास आहार सांगितलेला असेल, तर हे नुकसान फार मोठे असते.

रीत अशी आहे. खाऊचे तीन छोटे गोळे करावेत, वाटाण्याहून मोठे नकोत. पहिला मोकळा, दुसरा गोळी भरलेला, तिसरा पुन्हा मोकळा. पहिला दिला की मांजर निर्धास्तपणे गिळते. दुसरा देतानाच तिसरा त्याच्या नाकासमोर धरावा, म्हणजे त्याच्या ओढीने ते दुसरा न चावता गिळते. यात एक बारीक गोष्ट राहून जाते. ज्या बोटांनी गोळी धरली, त्याच बोटांनी गोळ्याची बाहेरची बाजू वळली, की औषधाची पूड बाहेर लागते आणि मांजराला ती लगेच समजते. गोड चव मांजराला कळतच नाही, पण कडू चव त्याला फार तीव्रतेने कळते. त्यामुळे गूळ किंवा मध लावण्याचा उपयोग नाही. गोळी उजव्या हाताने आत ठेवावी आणि गोळा डाव्या हाताने बंद करावा. शिवाय मधूनमधून तिन्ही गोळे मोकळेच द्यावेत, म्हणजे मांजराच्या मनात संशय घर करत नाही.

दूध आणि साय यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या जिल्ह्यात म्हशीच्या दुधाशिवाय घर चालत नाही आणि मांजराला दूध घालणे ही आपल्याला माया वाटते. मोठ्या झालेल्या अनेक मांजरांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही प्रतिजैविकांबरोबर दूध दिले, तर त्यातल्या कॅल्शियममुळे औषध कमी शोषले जाते. गोळी सहज सरकावी म्हणून तिला नखाच्या टोकाएवढे लोणी लावायला हरकत नाही.

हाताने गोळी देणे

खाण्यातून जमलेच नाही, तर हाताने द्यावी लागते. ही कृती आधी मांजराशिवाय, उशीवर चार वेळा करून पाहावी, कारण मांजराला आपला संकोच हातातून कळतो. गोळी, पाण्याची सिरिंज आणि खाऊ हे सगळे आधी हाताशी मांडून ठेवावे आणि मगच मांजराला हाक मारावी.

जमिनीवर किंवा दिवाणावर बसून मांजराचे तोंड आपल्यापासून पलीकडे आणि पाठ आपल्या पोटाला टेकलेली अशी त्याला घ्यावे, म्हणजे त्याला मागे सरकता येत नाही आणि समोरून चाल करून येणारा चेहराही दिसत नाही. मानेची कातडी चिमटीत धरून उचलणे पूर्णपणे टाळावे. त्याने मांजर निमूट होते ते घाबरून. डावा तळवा डोक्यावरून घालून अंगठा एका गालाच्या हाडावर आणि मधले बोट दुसऱ्या गालाच्या हाडावर ठेवावे, मिशा दुमडू देऊ नयेत. आता नाक छताकडे करावे. नाक पुरेसे वर गेले, की खालचा जबडा आपोआप सैल पडतो. उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनी यांत गोळी धरून मधल्या बोटाने खालचे छोटे पुढचे दात हलकेच खाली दाबावेत, आणि जिभेच्या मागच्या भागावर, अगदी मध्यावर, गोळी सोडावी. जिभेच्या टोकावर किंवा कडेला पडलेली गोळी हमखास बाहेर येते. गोळी सोडताच तोंड मिटून डोके लगेच सरळ, नेहमीच्या पातळीवर आणावे, कारण मान वर ताणलेली असताना गिळता येत नाही. गळ्यावरून बोट फिरवावे. मांजराने जिभेने नाक चाटले, की बहुतेक वेळा गोळी गिळली गेली असे समजता येते.

यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात, आणि ती गाळू नये. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते. डॉक्सिसायक्लिन किंवा क्लिंडामायसिनसारखी गोळी तिथे अडकली, तर आतली त्वचा भाजल्यासारखी होऊन अन्ननलिका कायमची अरुंद होऊ शकते. म्हणून गोळीनंतर पाच-सहा मिलिलिटर पाणी सिरिंजने थोडे थोडे द्यावे, किंवा लगेच ओला खाऊ चाटायला द्यावा. कॅप्सूल ओल्या जागी चिकटते, त्यामुळे तिच्यामागून पाणी जायलाच हवे.

बोट तोंडात घालण्याची भीती वाटत असेल, तर टोकाला मऊ रबर असलेली पिल गन मिळते. ती वापरताना घशावर टोचू नये, जिभेच्या मागच्या भागापर्यंतच न्यावी.

मांजर पंजे मारत असेल, तर मोठ्या टॉवेलमध्ये किंवा जाड पंच्यात त्याला गुंडाळता येते. टॉवेल आधीच अंथरलेला असावा, मांजर त्यावर मधोमध बसवावे, एक बाजू अंगावरून घेऊन पोटाखाली खोचावी, मग दुसरी तशीच, आणि गळ्याभोवती दोन बोटे जातील इतकी सैल ठेवावी. काही मांजरे गुंडाळली की निवांत होतात. काहींना याचीच अधिक भीती बसते, आणि मग टॉवेल दिसताच ती पळू लागतात. अशांना गुंडाळू नये. माझ्या मते टॉवेल हा रोजचा उपाय होऊ देऊ नये. रोज गुंडाळावे लागत असेल, तर औषधाचे स्वरूप बदलून मागण्याची वेळ आली आहे.

दोन प्रयत्नांत जमले नाही, तर थांबावे. मांजराला सोडून द्यावे, मागे धावू नये, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा पाहावे. तिसरा प्रयत्न रागाच्या भरात होतो, आणि चावे याच वेळी बसतात. मांजराचे दात सुईसारखे असल्याने चावा बारीक दिसतो, पण जंतू खोल जातात. चावा किंवा ओरखडा बसला तर तो साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावा. रेबीजची लस लागेल की नाही, हे कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयातही विचारता येते. मांजर घरातले आहे म्हणून स्वतःच निर्णय घेऊ नये.

पातळ औषध

बाटली हलवावी. फ्रीजमधले औषध थंडगार देऊ नये, भरलेली सिरिंज थोडा वेळ मुठीत धरून तिचा गारठा घालवावा. पातळ औषध देताना डोके वर करायचे नाही, हा गोळीच्या उलट नियम आहे. मान वर असताना औषध श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. सुई नसलेल्या सिरिंजचे टोक सुळ्याच्या मागच्या फटीतून, गालाच्या बाजूने आत सरकवावे आणि अर्धा मिलिलिटर सोडून थांबावे. गिळल्याचे दिसले की पुढचा अर्धा.

कडू औषध लागले, की मांजराच्या तोंडातून फेस आणि लाळ गळू लागते. पहिल्यांदा पाहणारे घाबरतात, विषबाधा झाली असे समजतात. हा केवळ कडू चवीचा परिणाम असतो आणि काही मिनिटांत थांबतो. पाणी किंवा पेस्ट चाटायला द्यावी. परंतु औषधानंतर खोकला सुरू होऊन राहिला, श्वास जोरात चालू लागला किंवा मांजर तोंड उघडे ठेवून श्वास घेऊ लागले, तर लगेच दवाखाना गाठावा.

गोळी खरोखर गेली का

पहिल्या दोन महिन्यांनंतर काजळीचा रक्तदाब मोजला, तेव्हा तो फारसा उतरलेला नव्हता. मात्रा वाढवावी का, असा विचार डॉक्टर करत होते. त्याच आठवड्यात नवरात्राआधीची झाडलोट करताना सोप्यातले फडताळ पुढे ओढले, आणि भिंतीच्या कडेला पिवळट पडलेले सात तुकडे सापडले. ती गोळी गालात धरून ठेवत होती, आम्ही शाबासकी देऊन वळलो, की फडताळाच्या कोपऱ्यात जाऊन टाकत होती. मात्रा वाढवली असती आणि नेमक्या त्याच दिवसांत ती सगळ्या गोळ्या गिळू लागली असती, तर तिचा रक्तदाब धोकादायक उतरला असता. ही गोष्ट मी डॉक्टरांना जशीच्या तशी सांगितली, आणि प्रत्येकाने तशी सांगावी. चुकलेल्या गोळ्या लपवल्या, तर डॉक्टरांचा हिशेब चुकीच्या पायावर उभा राहतो.

तेव्हापासून गोळी दिल्यावर दोन मिनिटे आम्ही तिच्याजवळच बसतो, चाटायची पेस्ट देतो आणि ती कुठे जाते हे पाहतो. नोंद स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर होते: गोळी गेली तर बरोबरची खूण, थुंकली तर फुली, उलटी झाली तर वेळ. घरात औषध देणारी दोन माणसे असतील, तर ही खूण हवीच, नाहीतर एक दिवस दोघेही देतात किंवा दोघेही देत नाहीत. चुकलेल्या वेळेची भरपाई म्हणून दुप्पट गोळी देऊ नये. उलटी झाली म्हणून लगेच दुसरी गोळीही देऊ नये, आधी फोन करावा. फिट्सचे औषध आणि प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड ही औषधे तर एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. ती देणे जमत नसेल तर एक दिवसही वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. मांजराने 24 तास काही खाल्ले नाही, सारखी उलटी झाली, ते झोकांड्या खाऊ लागले किंवा हृदयविकाराच्या मांजराचे मागचे पाय एकदम लुळे पडले, तरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

पूर, सण आणि परगाव

कोल्हापुरात राहणाऱ्याने औषधाचा साठा पावसाळा धरून ठेवावा. ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग काही दिवस बंद पडला आणि शहरात येणारा माल अडकला. नेहमी न मिळणारे, बाहेरून मागवावे लागणारे औषध अशा वेळी मिळत नाही. जूनच्या सुरुवातीलाच निदान तीन-चार आठवड्यांचे औषध घरात असावे, पट्टीवरची मुदत पाहून घ्यावी. नदीकाठच्या वस्तीत घर असेल तर औषध, चिठ्ठीची प्रत, सिरिंज आणि थोडा खाऊ एका प्लॅस्टिकच्या डब्यात घालून मांजराच्या पिंजऱ्याजवळच ठेवावा. पिंजरा वर्षभर उघडा, आत जुने कापड घालून घरातच ठेवला, तर मांजर त्यात आपणहून झोपते आणि निघण्याच्या घाईत पकडापकडी करावी लागत नाही.

गणपतीत आणि दिवाळीत आवाजाने बुजरे मांजर दिवसभर बाहेर येत नाही. विसर्जनाच्या दिवशी महाद्वार रोडच्या आसपास राहणाऱ्यांनी मिरवणूक सुरू होण्यापूर्वीच गोळी देऊन टाकावी. वेळ थोडी अलीकडे आणायची असेल, तर किती आणता येईल हे आधी विचारून घ्यावे. मांजर माळ्यावर जाऊन बसले असेल, तर खाली आणण्याचा अट्टाहास करू नये, तिथेच पाणी ठेवावे आणि आवाज ओसरल्यावर बोलवावे.

परगावी जायचे असेल तर औषध देणारे माणूस पंधरा दिवस आधी तयार करावे. आमच्या समोरच्या काकूंनी हे काम स्वतःहून मागून घेतले. पहिले चार दिवस त्या केवळ वाकळेच्या तुकड्यापाशी बसून खाऊ देत होत्या, गोळी आम्हीच देत होतो. पाचव्या दिवशी त्यांनी तीन घासांच्या रीतीने गोळी दिली, आम्ही दुसऱ्या खोलीत थांबलो. नऊ दिवस झाल्यावर काजळी त्यांच्या हाकेला फडताळामागून बाहेर येऊ लागली, तेव्हाच आम्ही प्रवासाची तिकिटे काढली. घराची किल्ली, औषधाची डबी, खाऊची ट्यूब आणि दवाखान्याचा नंबर लिहिलेला कागद आम्ही एकाच कापडी पिशवीत घालून त्यांच्या दाराच्या खुंटीला अडकवतो, आणि निघण्यापूर्वी डबीतले तुकडे त्यांच्यासमोर मोजून देतो.